जैवभौतिकशास्त्रातील गाइड निवडताना शोधनिबंधांची संख्या आणि एच-इंडेक्स यांवर किती विसंबावे?

दारणाकाठ

नमस्कार. मी निफाड तालुक्यातली असून भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. नाशिकमध्ये पूर्ण केली आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाल्यानंतर दोन वेगवेगळ्या संस्थांतील दोन प्राध्यापकांनी मला पीएच.डी.साठी घेण्याची तयारी दाखवली आहे. दोघांचाही विषय जैवभौतिकशास्त्र आहे. पेशीच्या पटलात बसलेली प्रथिने आकार कसा बदलतात आणि त्या बदलाने आयनांची वाट कशी उघडते नि मिटते, याच प्रश्नाभोवती दोघांचे काम फिरते, असे त्यांच्या संकेतस्थळांवरून दिसते. येत्या वीस तारखेपर्यंत मला होकार कळवायचा आहे.

पहिल्या प्राध्यापकांच्या नावावर गूगल स्कॉलरमध्ये २१२ शोधनिबंध आणि सुमारे ९,४०० सायटेशन (इतर निबंधांत मिळालेले संदर्भ) असून त्यांचा एच-इंडेक्स ४६ आहे. दुसऱ्या प्राध्यापकांचे ३८ निबंध, सुमारे १,९०० सायटेशन आणि एच-इंडेक्स १७ आहे. दोघांच्या सेवेत फार तर चार वर्षांचे अंतर असावे. पहिल्यांचे नाव जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आल्याची बातमी माझ्या मामांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली आहे आणि इतके स्पष्ट असताना विचार कसला करायचा, असे त्यांचे म्हणणे आहे. वडिलांचे म्हणणे वेगळे आहे. आमची द्राक्षबाग आहे. माल निर्यातीला जातो तेव्हा मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये मोजतात आणि साखर रिफ्रॅक्टोमीटरवर वेगळी मोजतात. एकावरून दुसरे कोणी ठरवत नाही. तू सांगतेस तो आकडा यांपैकी काय मोजतो, असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

शोधनिबंधांची यादी नेमकी कशी वाचतात, एवढेच मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. ४६ आणि १७ या दोन आकड्यांमधील फरक हा कामाच्या दर्जाचा फरक मानायचा का? एकाच विषयातील दोन माणसांच्या निबंधसंख्येत पाचपटींहून अधिक अंतर कशामुळे पडते? आणि मला पुढची पाच वर्षे ज्या प्रयोगशाळेत काढायची आहेत, तिच्याविषयी या याद्यांतून काही कळू शकते का? कोणाचेही नाव मी येथे लिहिणार नाही आणि कृपया कोणी अंदाजही बांधू नये.

निवृत्त ग्रंथपाल

सर्वप्रथम फेलोशिपबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी तीस वर्षे काम केले आणि शेवटच्या काही वर्षांत, विशेषतः नॅकचा (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचा) अहवाल तयार करायचा असे तेव्हा, पुस्तकांपेक्षा प्राध्यापकांच्या सायटेशनच्या याद्यांमध्येच माझा अधिक वेळ गेला. त्या अनुभवावर लिहितो.

तुमच्या वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करणे योग्य होईल, कारण त्यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. एच-इंडेक्स ही कल्पना होर्गे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. एखाद्याचे सर्व निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने वहीत लिहून काढावेत आणि त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक द्यावेत. जोवर निबंधाची सायटेशन त्याच्या क्रमांकाइतकी किंवा त्याहून अधिक आहेत तोवर खाली जावे, आणि जिथे ती क्रमांकापेक्षा कमी पडतात त्याच्या आधीचा क्रमांक हा एच-इंडेक्स. म्हणजे दुसऱ्या प्राध्यापकांच्या १७ निबंधांना प्रत्येकी किमान १७ वेळा संदर्भ मिळाला आहे, एवढेच हा आकडा सांगतो. त्या सतरांपैकी एखाद्याला वीस वेळा संदर्भ मिळाला की दोन हजार वेळा, याने त्यात काहीही फरक पडत नाही. ज्याचे एकूण निबंधच ३८ आहेत त्याचा एच-इंडेक्स काही केल्या ३८ च्या वर जाऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवावे. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला, प्रयोगशाळा बंद झाली, तरी तो वाढत राहू शकतो.

हर्श यांच्याच निबंधात एक बारकावा आहे, जो सहसा कोणी वापरत नाही. एकूण सायटेशनला एच-इंडेक्सच्या वर्गाने भागले तर उत्तर साधारणपणे तीन ते पाचच्या दरम्यान येते, असे त्यांना आढळले होते. तुमच्या पहिल्या प्राध्यापकांचे ९,४०० भागिले ४६ चा वर्ग, म्हणजे ९,४०० भागिले २,११६, हे साडेचारच्या जवळ येते. दुसऱ्यांचे १,९०० भागिले २८९ हे साडेसहाच्या वर जाते. याचा अर्थ दुसऱ्या प्राध्यापकांच्या सायटेशनचा मोठा वाटा एक-दोन निबंधांकडे असण्याची शक्यता आहे. ते निबंध कोणते, हे आधी शोधा. मूळ संशोधन असेल, आढावा-निबंध असेल किंवा एखादी मापनपद्धती असेल, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा होतो.

आता यादीच्या खरेपणाविषयी. गूगल स्कॉलरची नोंद यंत्र आपोआप करते आणि त्यात प्रबंध, परिषदांतील लेख, प्रीप्रिंट (समीक्षेपूर्वीचे मसुदे) असे सर्व काही मोजले जाते. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या संदर्भसूचींमध्ये निवडक प्रकाशनेच घेतात, त्यामुळे त्याच माणसाचा आकडा तिथे बहुधा कमी दिसतो. दोघांची तुलना करायची तर एकाच ठिकाणच्या आकड्यांची करावी. आपल्याकडे नावांचा घोळ ही फार मोठी अडचण आहे. आडनाव पाटील किंवा शिंदे आणि पुढे दोन आद्याक्षरे, अशी शेकडो माणसे संशोधन करतात. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या पानावर कांद्याच्या साठवणुकीवरचे अकरा निबंध आपोआप येऊन बसले होते. त्यांनी कांदा फक्त बाजारात घेतला असेल. त्यांचा त्यात काही दोष नव्हता, पण अहवालात ते आकडे जाऊ नयेत म्हणून मी एकेक निबंध उघडून काढून टाकला. लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत उलटे होते, त्यांचे निम्मे काम दुसऱ्याच नावाखाली राहून जाते. प्रत्येक संशोधकाची ओळख ठरवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक २०१२ पासून मिळतो तो याच कारणासाठी. दोन्ही प्राध्यापकांचे ऑर्किड पान असेल तर यादी तिथून घ्या.

इम्पॅक्ट फॅक्टरविषयी तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी तो पुढे करीलच, म्हणून थोडक्यात सांगतो. जर्नलने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षात सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढाच तो आकडा आहे. यूजीन गारफील्ड यांनी तो रूढ केला तेव्हा सायटेशन इंडेक्ससाठी जर्नले निवडणे हा हेतू होता, आणि मर्यादित पैशांत कोणती जर्नले घ्यावीत हे ठरवताना आम्हा ग्रंथपालांनाही तो कामी आला. पण ती संपूर्ण जर्नलची सरासरी आहे आणि थोड्याशा गाजलेल्या निबंधांमुळे वर गेलेली असते, त्यामुळे त्यातील बहुतेक निबंधांना सरासरीपेक्षा कमी संदर्भ मिळालेले असतात. एका माणसाच्या एका निबंधाचे मोल त्यावरून ठरवू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ सालीच म्हटले गेले आहे.

लिपिड

मी मूळची नाशिकरोडची असून पीएच.डी.नंतर गेली काही वर्षे पटलांच्या जैवभौतिकशास्त्रातच काम करते आहे. वरील प्रतिसादातील ३ ते ५ चा बारकावा मलाही नवा आहे. विषयाच्या आतली बाजू मी मांडते.

जैवभौतिकशास्त्र हा दोन घरांत राहणारा विषय आहे आणि दोन्ही घरांतील रीती निराळ्या आहेत. हर्श यांच्या त्या निबंधातच दाखवले आहे की त्या वेळी भौतिकशास्त्रज्ञांमधील सर्वांत मोठा एच-इंडेक्स ११० होता, तर जीवशास्त्राकडील सर्वांत मोठा १९१. जीवशास्त्रात निबंध अधिक, प्रत्येक निबंधातील संदर्भ अधिक आणि संशोधकांची संख्याही अधिक, म्हणून आकडे फुगतात. तुमच्या दोन प्राध्यापकांपैकी एक जर औषधनिर्माण किंवा कर्करोगाशी जोडलेल्या प्रथिनांवर काम करत असतील आणि दुसरे शुद्ध कृत्रिम पटले बनवून त्यांचा लवचिकपणा मोजत असतील, तर त्यांचे आकडे एकाच तागडीत घालता येणार नाहीत, जरी दोघांच्या दारावर पाटी एकच असली तरी.

निबंधसंख्येत पाचपट अंतर कसे पडते, याचे उत्तर बहुधा लेखकांच्या क्रमात सापडते. जीवशास्त्राकडील रीतीप्रमाणे पहिले नाव काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे आणि शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. मधली नावे ज्यांनी एखादा नमुना पुरवला, एखादे मापन करून दिले किंवा यंत्र उपलब्ध करून दिले त्यांची. ज्या प्राध्यापकांकडे संस्थेचे महागडे यंत्र सांभाळण्याची जबाबदारी असते, त्यांचे नाव दर वर्षी दहा-पंधरा निबंधांत मध्येच कुठेतरी येते. ते रास्तही असते, कारण यंत्र चालवणे हे कौशल्याचे काम आहे. परंतु त्या निबंधांतील प्रश्न त्यांचा नसतो. म्हणून २१२ मधून शेवटचे नाव त्यांचे असलेले निबंध वेगळे काढा. उरलेल्यांना कमी लेखू नका, फक्त बाजूला ठेवा.

सायटेशन हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्याच्या आत काय असते ते मी एकदा बसून पाहिले. माझ्या पीएच.डी.तील मुख्य निबंधाला ४१ सायटेशन झाली होती. मी ते एक्केचाळीसही निबंध उघडून आमचा क्रमांक कोणत्या वाक्यात आला आहे ते वाचले. सव्वीस ठिकाणी प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात, पटलाची जाडी प्रथिनांच्या वर्तनावर परिणाम करते अशा अर्थाच्या वाक्यापाठोपाठ, इतर पाच-सहा निबंधांसोबत एका चौकटी कंसात आमचा क्रमांक होता. नऊ निबंध आमच्याच गटाचे होते. उरलेल्या सहांनी आमचे मापन खरोखर हाती घेतले होते, आणि त्या सहांपैकी एकाने आमच्या एका नमुन्यात मीठाचे प्रमाण वेगळे असल्यामुळे आकडा सरकला आहे, हे दाखवून दिले होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. माझ्या कामाची सर्वांत काळजीपूर्वक दखल त्या एका निबंधाने घेतली, आणि बेरजेत तोही बाकीच्या चाळिसांसारखा एकच धरला जातो.

आपल्या विषयातील थोर कामे या मापात कशी बसतात तेही पाहा, कारण त्याने मापाची कल्पना येते. चेतातंतूतील आयनप्रवाहांवर हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये जर्नल ऑफ फिजिऑलॉजीत पाच निबंधांची मालिका छापली. पहिल्या निबंधात कात्झही सहलेखक होते. त्या कामाला १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि आयनमार्गांचा आजचा अभ्यास त्याच समीकरणांवर उभा आहे. केवळ त्या मालिकेवर एच-इंडेक्स काढला तर तो फार तर पाच येईल. याच्या उलट, आजवर सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध कोणता म्हणाल, तर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा. २०१४ पर्यंत त्याला तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळाले होते. पद्धत सर्वांना लागते, म्हणून सर्व जण संदर्भ देतात. ग्रंथपाल काकांनी पद्धतीचा निबंध वेगळा ओळखायला सांगितले, त्यामागे हेच कारण आहे.

आणि रामचंद्रन. जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी मद्रास विद्यापीठातून १९६३ मध्ये जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजीत पाच पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला आणि प्रथिनाच्या कण्याला कोणकोणती मुरड घेता येते याचा नकाशा त्यातून मिळाला. आज कोणत्याही प्रथिनाची त्रिमितीय रचना छापताना पहिल्या तक्त्याच्या तळाशी रामचंद्रन नकाशात किती टक्के अवशेष (साखळीतील अमिनो आम्ले) अनुकूल क्षेत्रात आहेत आणि किती बाहेर पडले, हे द्यावेच लागते. तो तक्ता मी स्वतः कितीतरी वेळा भरला आहे. मात्र तिथे नाव लिहिले जाते, संदर्भसूचीत १९६३ चा निबंध बहुतेक वेळा नसतो, कारण संदर्भ त्या तपासणीच्या सॉफ्टवेअरला दिला जातो. एखादी गोष्ट विषयाच्या हाडामांसात मुरली की तिची मोजणी थांबते. हे मला नेहमीच खटकत आले आहे, विशेषतः आपल्याकडच्या मुलांना आपल्याच माणसाचे काम आकड्यांमधून समजावून द्यायची वेळ येते तेव्हा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र या याद्यांत चांगले सापडते, फक्त वेगळ्या दिशेने वाचावे लागते. प्राध्यापकांचे नाव विसरा आणि पहिल्या लेखकांची नावे पाहत जा. एक विद्यार्थी आला, दोन-तीन वर्षांनी त्याचा पहिला निबंध आला, मग दुसरा, मग तो दिसेनासा झाला. हा प्रवास यादीतून स्पष्ट दिसतो. कितीजण आले, कितीजणांचे नाव एकदाही पहिले आले नाही, कोणाचे नाव फक्त मध्येच येत राहिले, हे मोजा. मग शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखालील प्रबंध काढून नोंदणीचे आणि सादरीकरणाचे वर्ष जिथे मिळेल तिथे टिपून ठेवा.

कॉलेज रोड

दोन टक्क्यांच्या यादीविषयी एवढेच नोंदवतो, कारण आमच्या स्टाफरूममध्येही दर वर्षी त्यावर चर्चा होते आणि गैरसमज फार आहेत. ती कोणत्याही विद्यापीठाने दिलेली पदवी किंवा पुरस्कार नाही. स्टॅनफर्डमधील जॉन इओॲनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून स्कोपसच्या माहितीवरून सहा निकषांचा एक एकत्रित गुण काढून तो तक्ता प्रसिद्ध केला आहे. त्यात एकूण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी असते. बातमीत कोणती होती ते मामांच्या कात्रणात बघावे, कारण दोन्हींत मोठा फरक आहे. चांगली बाजू अशी की तक्त्यात स्वतःच्या निबंधांना स्वतःच दिलेले संदर्भ वगळूनही क्रमांक दिलेला असतो आणि एकट्याचे, पहिले किंवा शेवटचे नाव असलेल्या निबंधांना वेगळे वजन असते. तक्ता सर्वांना खुला आहे. वर सुचवलेले अर्धे काम तो उघडून तासाभरात होईल.

संख्येच्या मागे लागल्याने काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे आणि ते सांगितले पाहिजे असे वाटते. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी पदोन्नतीसाठी एपीआय (शैक्षणिक कामगिरीचे) गुण आले आणि प्रत्येक निबंधाला गुण मिळू लागले. मला तीन निबंध कमी पडत होते. ईमेलवर निमंत्रण आलेल्या एका जर्नलला मी पैसे भरून निबंध पाठवला, नऊ दिवसांत तो कोणतीही सूचना न येता स्वीकारला गेला आणि छापूनही आला. त्या निबंधातील मोजमापे खरी होती, मी आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत प्रयोगशाळेत बसून घेतली होती. काही वर्षांनी ते संकेतस्थळच नाहीसे झाले. आता ते काम कुठेही नाही आणि त्या दोन मुलांना त्यांच्या अर्जात ते दाखवताही येत नाही, याचे मला आजही वाईट वाटते. यूजीसीच्या तत्कालीन मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या जर्नलांची तपासणी पुण्यातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा इतरत्र नोंद नसलेली ८८ टक्क्यांहून अधिक जर्नले कमी दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष निघाला होता. त्यामुळे २१२ मधील जर्नलांची नावे वाचताना त्यांचे संपादक मंडळ कोण आहे, समीक्षेला किती महिने लागले, हे निबंधाच्या पहिल्या पानावरील तारखांवरून अवश्य पाहा.

आणखी एक. २०२२ पर्यंत प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध प्रसिद्ध असण्याची अट होती, ती त्या वर्षीच्या नियमांनी निघाली. जुन्या विद्यार्थ्यांचे निबंध अगदी प्रबंधाच्या तोंडावर एकदम आलेले दिसले तर त्यामागे ती अटही असू शकते.

दारणाकाठ

सर्वांचे आभार. चार संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात बसून मी हे सारे एका वहीत उतरवले, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

काकांचा हिशेब तंतोतंत बरोबर निघाला. दुसऱ्या प्राध्यापकांच्या १,९०० पैकी सुमारे ६४० सायटेशन २००९ च्या एकाच निबंधाची आहेत. तो पद्धतीवरचा किंवा आढाव्याचा नाही. एका आयनमार्गाच्या उघडझापीवर पटलाच्या ताणाचा परिणाम मोजणारा आहे. सुरुवातीची पाच वर्षे त्याला वर्षाला चार-पाचच संदर्भ मिळत होते, गेल्या सहा वर्षांत ते खूप वाढले. लिपिड ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांपैकी तीस निबंध उघडून वाक्ये वाचली आणि बारा ठिकाणी त्यातील आकडे पुढच्या हिशेबात वापरलेले दिसले. ३८ पैकी २९ निबंधांत पहिले नाव विद्यार्थ्याचे आहे. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्यांच्या आठ विद्यार्थ्यांपैकी दोघांना प्रबंधाला सात वर्षे लागली.

पहिल्या प्राध्यापकांविषयी माझ्या मनात जो अंदाज बांधला जात होता तो पूर्ण खरा ठरला नाही, हेही सांगितले पाहिजे. २१२ पैकी सतरा निबंध दुसऱ्याच कोणाचे होते. १०४ निबंधांत त्यांचे नाव मध्ये आहे, त्यांच्याकडे संस्थेचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. उरलेल्या ९१ मध्ये मात्र चांगली जर्नले आहेत, तारखांवरून समीक्षा नीट झालेली दिसते, आणि त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पाच वर्षांच्या आत प्रबंध पूर्ण केले आहेत. मामांचे कात्रण एका वर्षाच्या यादीचे निघाले, तरी स्वतःचे संदर्भ वगळूनही त्यांचे नाव त्यात राहते. अडचण इतकीच की २०१८ नंतर त्यांनी शेवटचे नाव दिलेल्या निबंधांत आयनमार्ग जवळजवळ नाहीत. काम विषाणूंच्या बाह्य प्रथिनांकडे वळले आहे. संकेतस्थळावर जुनाच विषय लिहिलेला आहे.

दोघांनाही भेटायला जाण्याचे मी ठरवले आहे. वडील सोबत येत आहेत. भेटीत काय विचारावे?

लिपिड

पहिल्या प्राध्यापकांना थेट विचारा की आयनमार्गांवर पुढील दोन वर्षांसाठी त्यांच्याकडे मंजूर झालेला प्रकल्प आहे का, आणि तुम्हाला त्या प्रश्नावर काम करायला मिळेल का. त्यांचे उत्तर विषाणूंकडे गेले तर तो विषय तुम्हाला आवडेल का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. तो विषयही उत्तम आहे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर हात बसणे ही मोठी शिदोरी असते.

दुसऱ्यांकडे गेल्यावर सात वर्षे लागलेल्या त्या दोघांविषयी संकोच न करता विचारा. कारण यंत्र बिघडणे, मध्येच विषय बदलावा लागणे, बाळंतपण, घरचे आजारपण, काहीही असू शकते. प्राध्यापक त्या विद्यार्थ्यांविषयी कसे बोलतात, ते ऐकण्यासारखे असते. नंतर प्राध्यापक खोलीत नसताना तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासोबत चहा घ्या आणि पॅच क्लॅम्पच्या (आयनमार्गातील प्रवाह मोजणाऱ्या) मापनयंत्रावर आठवड्यातून किती तास मिळतात, सील (काचेची नळी पटलाला घट्ट चिकटणे) लागेपर्यंत किती दिवस कोणी शेजारी बसून शिकवले, शेवटचा निबंध लिहिताना पहिला मसुदा कोणी लिहिला आणि तो तपासून परत यायला किती दिवस लागले, एवढे विचारा. जमले तर त्यांची प्रयोगवही पाहू द्यायची विनंती करा. फसलेल्या प्रयोगांची पानेही तारीख घालून व्यवस्थित लिहिलेली असतील आणि समासात प्राध्यापकांच्या अक्षरात शेरे असतील, तर मी डोळे झाकून तिथे होकार कळवीन.